खुर्चीवर बसून नऊ महिनेही झाले नव्हते आणि नोबेल मिळालं, ते योग्य होतं का?

प्रश्न असा आहे की बराक ओबामांना २००९ चा नोबेल शांतता पुरस्कार जाहीर झाला तेव्हा त्यांना राष्ट्राध्यक्ष होऊन नऊ महिनेसुद्धा झाले नव्हते, मग ते खरंच त्याला पात्र होते का, एकंदरीतच नुकत्याच निवडून आलेल्या नेत्याला एवढा मोठा आंतरराष्ट्रीय पुरस्कार द्यावा का, आणि नंतर चूक झाली असं वाटलं तर तो परत घेता येतो का. मी निःशस्त्रीकरण आणि आंतरराष्ट्रीय करार हा विषय बरीच वर्षं शिकवतेय, करार कसे होतात, कुठे अडकतात, सही झाल्यावरसुद्धा कसे मरतात हे वाचण्यात आणि मुलांना समजावण्यात आयुष्य गेलंय, त्यामुळे जरा लांब लिहिणार आहे.

आधी सरळ उत्तर देते. त्या वर्षी द्यायला नको होता. आणि माझं कारण "त्यांनी काहीच केलं नव्हतं" हे नाहीये, कारण ते खरंच नाही, नऊ महिन्यांत त्यांनी बरंच काही सुरू केलं होतं. माझं म्हणणं असं की ज्याच्या हातात सत्ता आहे त्याला आशेपोटी पुरस्कार द्यायचा नसतो. आशेचा पुरस्कार सत्ता नसलेल्याला द्यावा. सत्ता असलेल्याने आधी काम करून दाखवायचं, तेही स्वतःच्या लोकांचा रोष पत्करून, आणि मग त्याचं कौतुक करायचं. हे एवढं वाक्य समजावायला बाकीचं सगळं लिहितेय.

९ ऑक्टोबर २००९, शुक्रवार होता. नॉर्वेच्या राजधानीत, ओस्लोत, सकाळी ११ ला नाव जाहीर झालं, वॉशिंग्टनमधे तेव्हा पहाटेचे ५ वाजले होते. मी त्या दिवशी वर्गात होते आणि खरं सांगायचं तर मला आनंद झाला होता, कारण "अण्वस्त्रमुक्त जग" हे शब्द इतक्या वर्षांनी एखाद्या अमेरिकन अध्यक्षाच्या तोंडी ऐकायला मिळाले होते आणि आमच्या विषयातल्या माणसाला त्याचं किती अप्रूप असतं ते बाहेरच्याला सांगून कळणार नाही. पण एका विद्यार्थिनीने विचारलं, मॅडम, त्यांनी नक्की काय काय केलंय ते फळ्यावर लिहा ना. मी लिहायला लागले. २२ जानेवारीला छळ करून चौकशी करण्यावर बंदीचा आदेश काढला आणि दहशतवादाच्या संशयितांना डांबलेला ग्वांतानामोचा तुरुंग वर्षभरात बंद करा असाही आदेश काढला. ५ एप्रिलला प्रागमधे अण्वस्त्रमुक्त जगाबद्दल भाषण केलं. ४ जूनला कैरोत मुस्लिम जगाशी नव्याने सुरुवात करण्याबद्दल भाषण केलं. ६ जुलैला मॉस्कोत रशियाचे अध्यक्ष मेदवेदेव यांच्याबरोबर अण्वस्त्र कपातीच्या कच्च्या आराखड्यावर सही केली. १७ सप्टेंबरला पोलंड आणि चेक प्रजासत्ताकातली क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणेची जुनी योजना रद्द केली. २४ सप्टेंबरला सुरक्षा परिषदेच्या बैठकीचं अध्यक्षपद स्वतः घेतलं, अमेरिकेच्या अध्यक्षाने असं करायची ती पहिलीच वेळ, आणि अण्वस्त्र प्रसार रोखण्याबद्दलचा ठराव १८८७ एकमताने मंजूर करून घेतला.

यादी लहान नव्हती. पण फळ्याकडे बघून त्याच मुलीच्या लक्षात आलं ते मला इतक्या वर्षांनी आठवतंय, ती म्हणाली यातली क्रियापदं बघा, भाषण केलं, आदेश काढला, ठराव मांडला, योजना रद्द केली, आणि जिथे "सही केली" आहे तिथे आराखडा कच्चा आहे. अगदी बरोबर होतं. मॉस्कोच्या त्या कागदावर अण्वस्त्रांचा आकडा १५०० ते १६७५ असा होता आणि ती वाहून नेणाऱ्या क्षेपणास्त्रं-विमानांचा ५०० ते ११००. आता ५०० ते ११०० हा काही आकडा नव्हे, "अजून आमचं ठरलेलं नाही" हेच अंकांत लिहिलंय तिथे.

तारखांबद्दल लोक नेहमी एक गोष्ट सांगतात आणि ती खरी आहे पण अर्धी आहे. नामांकनाची मुदत १ फेब्रुवारीला संपली आणि ओबामांचा शपथविधी झाला २० जानेवारीला, म्हणजे १२ दिवस. त्यावरून "१२ दिवसांच्या कामावर नोबेल" असं म्हणतात. तसं नसतं. मुदत फक्त नाव सुचवण्यापुरती, नोबेल समिती विचार करते तो थेट ऑक्टोबरपर्यंतच्या कामाचा, आणि मुदतीनंतरच्या पहिल्या बैठकीत समितीचे सदस्य स्वतःही नावं घालू शकतात. त्यामुळे टीका करायची तर नऊ महिन्यांच्या कामावर करा, १२ दिवसांचा मुद्दा सोडून द्या. त्या वर्षी एकूण २०५ नावं होती, त्यात ३३ संस्था.

आता नियम काय म्हणतात ते बघू कारण सगळे "पात्र" हा शब्द वापरतात पण पात्रता कशावर मोजायची ते कुणी बघत नाही. आल्फ्रेड नोबेलनी २७ नोव्हेंबर १८९५ ला मृत्युपत्रावर सही केली. त्यात सगळ्याच पुरस्कारांबद्दल म्हटलंय की मागच्या वर्षभरात ज्यांनी मानवजातीचं सर्वात जास्त भलं केलं त्यांना द्या. आणि शांततेच्या पुरस्कारासाठी तीन गोष्टी सांगितल्यात, राष्ट्राराष्ट्रांमधे बंधुभाव वाढवणं, खडी सैन्यं रद्द करणं किंवा कमी करणं, आणि शांतता परिषदा भरवणं, यात ज्याने सर्वात जास्त किंवा सर्वात चांगलं काम केलं त्याला. हे ठरवायचं काम नॉर्वेच्या संसदेने निवडलेल्या पाच जणांच्या समितीकडे. वाक्यरचना नीट बघा, "काम केलं" असं आहे, झालेल्या गोष्टीबद्दल आहे. मृत्युपत्र शब्दशः पाळलं तर निम्मे मानकरी बाद होतील हे मला माहितीये, समितीने शंभराहून जास्त वर्षांत मानवी हक्क, पर्यावरण, मदतकार्य असं बरंच काही त्यात बसवलंय आणि त्यातलं पुष्कळ मला पटतंसुद्धा. पण भूतकाळाचा भविष्यकाळ करणं ही वेगळी गोष्ट आहे.

समितीची बाजू मात्र नीट ऐकून घ्यायला हवी. तेव्हाचे अध्यक्ष थोरब्यॉर्न यागलांड, नॉर्वेचे माजी पंतप्रधान, त्यांनी साधारण असं सांगितलं की ओबामांनी आंतरराष्ट्रीय राजकारणाची हवाच बदलली, चर्चा आणि संयुक्त राष्ट्रं परत मध्यभागी आणली, आणि आत्ता साथ दिली नाही तर तीन वर्षांनी फार उशीर झालेला असेल. दाखला दिला पश्चिम जर्मनीचे विली ब्रांट आणि सोव्हिएत संघाचे गोर्बाचेव्ह या आधीच्या मानकऱ्यांचा. हा युक्तिवाद मूर्खपणाचा अजिबात नाही. काम अर्धवट असताना पाठीवर हात ठेवला तर ते पूर्ण व्हायला मदत होते, आणि इतिहासात असं झालेलं आहे. प्रश्न फक्त एवढाच की दिलेले दाखले इथे लागू पडतात का.

ब्रांट घ्या. ऑक्टोबर १९६९ मधे पश्चिम जर्मनीचे चॅन्सलर झाले, पुरस्कार ऑक्टोबर १९७१ मधे, म्हणजे बरोब्बर दोन वर्षं. तेही नवेच म्हणायचे. पण त्या दोन वर्षांत ऑगस्ट १९७० मधे मॉस्को करार झाला, डिसेंबर १९७० मधे वॉर्सा करार झाला, पोलंडची ओडर-नाइसे सीमा त्यांनी मान्य केली, म्हणजे युद्धात गेलेली जमीन गेली असं आपल्याच देशातल्या लाखो विस्थापितांना तोंडावर सांगितलं. वॉर्सातल्या ज्यू वस्तीच्या स्मारकापुढे गुडघे टेकले ते वेगळंच. आणि या सगळ्याची किंमत म्हणजे पक्षातली माणसं फुटली, एप्रिल १९७२ मधे अविश्वास ठराव आला आणि सरकार फक्त दोन मतांनी वाचलं. संसदेने करार मंजूर केले ते मे १९७२ मधे, म्हणजे पुरस्कार दिला तेव्हा काम पूर्ण नव्हतं, पण सह्या झालेल्या होत्या आणि माणसाने आपली खुर्ची पणाला लावलेली होती. ओबामांचं ऑक्टोबर २००९ पर्यंतचं एकही पाऊल असं नव्हतं की ज्यापायी खुर्ची जाईल.

कोस्टारिकाचे ऑस्कर आरियास हा तर माझ्या मते सगळ्यात चांगला दाखला आहे आणि आश्चर्य म्हणजे तो फार कमी लोक देतात. मे १९८६ मधे अध्यक्ष झाले, ऑक्टोबर १९८७ मधे नोबेल, फक्त १७ महिने. निकाराग्वा, एल साल्वादोर, ग्वाटेमाला सगळीकडे आग लागलेली, अमेरिकेचं रेगन सरकार निकाराग्वातल्या कॉन्ट्रा बंडखोरांना पैसा पुरवतंय, आणि ज्या देशाला १९४८ पासून सैन्यच नाही अशा छोट्या देशाचा अध्यक्ष सांगतोय की परक्यांनी हात काढा, आम्ही आमचं बघतो. ७ ऑगस्ट १९८७ ला ग्वाटेमालात पाच राष्ट्राध्यक्षांनी करारावर सही केली. वॉशिंग्टनला ते नको होतं. अशा वेळी दोन महिन्यांत ओस्लोने पुरस्कार दिला आणि तो करार मोडणं राजकीयदृष्ट्या अवघड होऊन बसलं. पुरस्काराने कुणाचं तरी वजन वाढवायचं असेल तर ते असं, लहान माणसाचं, मोठ्याच्या विरोधात, आणि कागदावर पाच सह्या पडल्यानंतर. अमेरिकेच्या अध्यक्षाचं वजन वाढवायला ओस्लोतल्या पाच माणसांची गरज नसते हो, जगात ज्याचं वजन आधीच सगळ्यात जास्त आहे त्याला पदक देऊन तुम्ही त्याला नक्की काय देता?

इथेच माझा मूळ मुद्दा येतो. जर्मन पत्रकार कार्ल फॉन ओसिएत्स्की नाझींच्या छळछावणीत खंगून गेले होते तेव्हा त्यांना १९३५ चा पुरस्कार दिला, १९८३ मधे कामगार नेते लेक वालेसा पोलंडमधे पाळतीखाली होते, आपण बाहेर गेलो तर परत येऊ देणार नाहीत म्हणून पदक घ्यायला बायकोला पाठवलं, १९८४ मधे दक्षिण आफ्रिकेतले डेस्मंड टुटू, १९९१ मधे म्यानमारमधे नजरकैदेतल्या आंग सान सू ची, २०१० मधे चीनच्या तुरुंगातले लिउ शियाओबो ज्यांची खुर्ची ओस्लोत रिकामी ठेवली. यातल्या कुणाचंही काम "पूर्ण" झालेलं नव्हतं, टुटूंना पुरस्कार मिळाला तेव्हा वर्णभेद संपायला अजून दहा वर्षं होती. तरी हे पुरस्कार बरोबर होते, कारण त्यांच्याजवळ सत्ता नव्हती, पोलीस नव्हते, सैन्य नव्हतं, आणि पुरस्कार ही त्यांच्यासाठी ढाल होती. कुणाला तरी मारायच्या आधी सरकार दोनदा विचार करेल एवढी त्या ढालीची किंमत. सत्ताधाऱ्याला ढाल लागत नाही. उलट त्याच्या हातात नोबेल पडलं की टीका करणाऱ्यांवर उगारायला अजून एक दांडकं मिळतं.

आणि सत्ता आल्यावर तीच व्यक्ती कशी बदलते हे सू चींच्या बाबतीत जगाने बघितलंच. २०१७ मधे म्यानमारमधले सात लाखांवर रोहिंग्या मुस्लिम पळून बांगलादेशात गेले आणि डिसेंबर २०१९ मधे हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात म्यानमारची बाजू मांडायला त्या स्वतः उभ्या राहिल्या. १९९१ चा पुरस्कार मला अजूनही चुकीचा वाटत नाही, तो त्या वेळच्या कैदेतल्या बाईला होता. फक्त पुरस्कार भविष्याची हमी देत नाही हे त्यातून कळतं, आणि मग भविष्यावरच विसंबून दिलेल्या पुरस्काराचं काय होणार ते तुम्हीच बघा.

आता एक अडचण आहे, माझ्याच बाजूची, आणि ती लपवणं बरोबर नाही. मी म्हणते सही झाली पाहिजे, किंमत मोजलेली पाहिजे. मग इथिओपियाचे अबी अहमद? एप्रिल २०१८ मधे पंतप्रधान झाले, ९ जुलै २०१८ ला अस्मारात जाऊन इरिट्रियाबरोबर शांततेच्या जाहीरनाम्यावर सही केली, १९९८ ते २००० मधे ज्या युद्धात हजारोंनी माणसं मेली ते अधिकृतपणे संपवलं, सीमेवरचं बाद्मे गाव इरिट्रियाचं असा सीमा आयोगाचा २००२ चा निकाल मान्य केला, जो त्यांच्या आधीच्यांनी सोळा वर्षं अंमलात आणला नव्हता. राजकीय कैदी सोडले. ऑक्टोबर २०१९ मधे नोबेल, १८ महिन्यांत. सही होती, धाडस होतं. आणि नोव्हेंबर २०२० मधे इथिओपियाच्याच तिग्रे प्रांतात युद्ध पेटलं, इरिट्रियाचं सैन्यही त्यात उतरलं, नोव्हेंबर २०२२ मधे प्रिटोरियात करार होईपर्यंत दोन वर्षं तो प्रदेश उपाशी आणि तुटलेला राहिला. जानेवारी २०२२ मधे तर नोबेल समितीनेच निवेदन काढलं की पंतप्रधान आणि नोबेल मानकरी म्हणून हा संघर्ष थांबवण्याची अबींवर विशेष जबाबदारी आहे. समितीने आपल्याच मानकऱ्याला असं जाहीर सुनावणं फार क्वचित घडतं.

म्हणजे माझी कसोटी इथे अपुरी पडली का? मी यावर बराच विचार केलाय. तेव्हा दिसत असलेल्या पण दुर्लक्ष झालेल्या काही गोष्टी होत्या. सप्टेंबर २०१८ मधे सीमेवरची ठाणी उघडली, लोक एकमेकांच्या गळ्यात पडून रडले, नातेवाईक वीस वर्षांनी भेटले, आणि २०१९ च्या एप्रिलपर्यंत ती ठाणी एकेक करून परत बंदसुद्धा झाली होती. बाद्मेचं प्रत्यक्ष हस्तांतर झालेलं नव्हतं. पुरस्कार जाहीर झाला त्या दिवशी सीमा बंद होती! कराराची अंमलबजावणी कोण तपासतंय, त्याचा तपशील कुठेय, दोन्ही बाजूंच्या सैन्याचं काय, यातलं काही लोकांसमोर नव्हतं. मानकऱ्याने ओस्लोत पत्रकारांचे प्रश्न घ्यायला नकार दिला तेही मला खटकलं होतं. त्यामुळे आता मी विद्यार्थ्यांना सांगते की सही ही पहिली पायरी, सहीनंतर एक वर्ष तरी जाऊ द्या आणि मग सीमेवर जाऊन बघा. नव्या नेत्याच्या बाबतीत हे जास्तच, कारण पहिल्या दीड-दोन वर्षांत त्याच्या विरोधकांनी अजून डोकं वर काढलेलं नसतं, त्याच्यापुढे खरी निवड करायची वेळ आलेली नसते, आणि माणूस कसा आहे ते तेव्हाच कळतं.

परत ओबामांकडे. १० डिसेंबर २००९ ला ओस्लोच्या नगरभवनात समारंभ झाला. त्याच्या नऊच दिवस आधी, १ डिसेंबरला, वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत त्यांनी अफगाणिस्तानात आणखी ३०,००० सैनिक पाठवायची घोषणा केली होती, आणि फेब्रुवारीत आधीच १७,००० मंजूर केले होते. खडी सैन्यं कमी करणाऱ्याला द्या म्हणणाऱ्या नोबेलचा पुरस्कार घ्यायला माणूस निघालाय आणि सैन्य वाढवतोय, यावर सगळ्यांनीच बोट ठेवलं. त्यांनी स्वतः भाषणात हे टाळलं नाही हे मी त्यांच्या बाजूने मांडेन. आपण दोन युद्धं लढणाऱ्या देशाचे सरसेनापती आहोत हे त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं, आपली कामगिरी किंग, मंडेला, श्वाइत्झर, मार्शल अशा आधीच्या मानकऱ्यांपुढे किरकोळ आहे असंही म्हटलं, आणि अहिंसक चळवळ हिटलरचं सैन्य रोखू शकली नसती असं सांगून न्याय्य युद्धाची बाजू मांडली. प्रामाणिक भाषण होतं. पण शांततेच्या पुरस्काराच्या व्यासपीठावर युद्धाचं समर्थन ऐकायला लागणं हे त्या निवडीतलं अवघडलेपण उघड करणारं होतं, कारण अध्यक्ष दुसरं काही बोलूच शकत नव्हता.

अजून एक गोष्ट आहे जी आमच्या विषयाबाहेर फारशी कुणाला माहीत नसते आणि मला मात्र ती सगळ्यात जास्त लागते. अमेरिका आणि रशियाची लांब पल्ल्याची अण्वस्त्रं मोजायची, एकमेकांच्या तळांवर जाऊन तपासायची सोय ज्या करारात होती तो स्टार्ट-१ करार ५ डिसेंबर २००९ ला संपला. नवा तयार नव्हता. म्हणजे अण्वस्त्रमुक्त जगाच्या स्वप्नासाठी पुरस्कार स्वीकारला गेला त्या दिवशी दोन्ही देशांत तपासणीची सोय असलेला एकही करार या अस्त्रांवर लागू नव्हता, पाच दिवसांपूर्वी होता तोही गेलेला. दोघांनी "जुन्या कराराच्या भावनेला धरून वागू" असं जाहीर केलं होतं, पण भावनेची तपासणी करायला निरीक्षक जात नसतात.

तो करार नंतर झाला, आणि चांगला झाला, हे तेवढ्याच जोरात सांगायला पाहिजे. ८ एप्रिल २०१० ला प्रागमधेच न्यू स्टार्टवर सह्या झाल्या. तैनात अण्वस्त्रं प्रत्येकी १५५०, तैनात क्षेपणास्त्रं आणि बॉम्बर विमानं मिळून ७००, तैनात नसलेली धरून ८००, आणि वर्षाला १८ तपासण्या. ५०० ते ११०० चं ते गोलगोल वाक्य संपून आकडा आला. अमेरिकेच्या सिनेटने २२ डिसेंबर २०१० ला ७१ विरुद्ध २६ मतांनी मंजूर केला, आणि ती मतं मिळवायला ओबामांना अण्वस्त्र निर्मितीच्या व्यवस्थेवर दहा वर्षांत सुमारे ८५ अब्ज डॉलर खर्च करायचं मान्य करावं लागलं. बघा हं, इथे खरा राजकीय सौदा झाला, इथे भांडण झालं, इथे किंमत मोजली गेली. ५ फेब्रुवारी २०११ ला करार लागू झाला. समितीने तोपर्यंत थांबून पुरस्कार दिला असता तर मी तेव्हाही वर्गात उभी राहून त्याची बाजू घेतली असती, आणि तो कशासाठी दिला ते एका वाक्यात सांगता आलं असतं. किंवा जुलै २०१५ च्या इराणबरोबरच्या अणुकरारानंतर दिला असता. तेव्हा मात्र परत देणं अवघड होतं, आधीच देऊन झाला होता. घाईचा हा तोटा कुणी मोजत नाही, खरं काम होतं तेव्हा तुमच्या हातात द्यायला काही उरत नाही.

बाकीच्या यादीवर फार रेंगाळत नाही. ग्वांतानामो वर्षभरात बंद व्हायचं होतं ते आठ वर्षांत झालं नाही, काँग्रेसने अडवलं हे खरं. इराकमधून सैन्य डिसेंबर २०११ मधे निघालं, लिबियावर २०११ मधे हल्ले झाले आणि नंतर तो देश सावरला नाही. ड्रोनचा वापर प्रचंड वाढला, त्यांच्याच सरकारने २०१६ मधे दिलेल्या आकड्यांनुसार २००९ ते २०१५ मधे घोषित युद्धक्षेत्रांबाहेर ४७३ हल्ले झाले आणि त्यात ६४ ते ११६ निरपराध माणसं गेली, स्वतंत्र संस्थांचे आकडे त्याहून बरेच जास्त आहेत. काही जण हे सगळं पुढे करून म्हणतात की म्हणून २००९ चा पुरस्कार चुकला. मला ही पद्धत पटत नाही, २०११ चं लिबिया दाखवून २००९ च्या समितीला दोष कसा देणार? चूक २००९ मधे जे समोर होतं त्यावरूनच सिद्ध होते, तेवढं पुरेसं आहे.

एक गोष्ट अनेकांना बोलायला संकोच वाटतो पण बोलायला हवी. पुरस्कारामागे निवडणुकीचा आनंद होता. गुलामगिरीचा इतिहास असलेल्या देशात कृष्णवर्णीय माणूस अध्यक्ष झाला ही प्रचंड गोष्ट होती आणि आधीच्या आठ वर्षांत इराक युद्धामुळे युरोपात अमेरिकेबद्दल जी चीड होती तिचा निचरा व्हायला एक वाट हवी होती. पण निवडून येणं हे मतदारांचं कर्तृत्व असतं. ४ नोव्हेंबर २००८ ला रांगेत उभं राहून मत देणाऱ्या कोट्यवधी लोकांनी जे केलं त्याचं पदक एका माणसाच्या गळ्यात घालता येत नाही, आणि आधीच्या अध्यक्षासारखा नसणं हे काही शांततेचं काम होत नाही. वालेसा, जे स्वतः मानकरी, त्यांनीही बातमी ऐकून इतक्या लवकर? असंच विचारलं होतं. आणि ओबामांनी त्याच सकाळी व्हाइट हाउसच्या बागेत सांगितलं की आधीच्या मानकऱ्यांच्या पंक्तीत बसायची आपली लायकी आहे असं आपल्याला वाटत नाही, हा पुरस्कार पुढच्या कामासाठीची हाक समजून घेतो. रक्कम, एक कोटी स्वीडिश क्रोनर, त्यांनी नंतर दहा संस्थांना वाटून टाकली.

समितीपुढे दुसरा रस्ता होता का? होता. त्या वर्षी योग्य कुणी नाही असं वाटलं तर पुरस्कार राखून ठेवून पुढच्या वर्षी देता येतो. वुड्रो विल्सन यांचा १९१९ चा पुरस्कार १९२० मधे दिला गेला, ओसिएत्स्कींचा १९३५ चा १९३६ मधे. १९४८ मधे तर गांधीजींच्या हत्येनंतर "योग्य असा हयात उमेदवार नाही" म्हणत पुरस्कार दिलाच नाही, पाच वेळा नामांकन होऊनही त्यांना तो कधी मिळाला नाही आणि ही खंत समितीच्याच माणसांनी नंतर बोलून दाखवलीये. म्हणजे थांबायची सोय नियमात आहे आणि ती वापरलेली आहे.

राहिला परत घेण्याचा प्रश्न. नाही घेता येत. नियमांत तशी तरतूदच नाही, निर्णयावर अपीलही नाही, सू ची किंवा अबींच्या वेळी लाखो लोकांनी मागणी केली तरी समितीचं उत्तर हेच होतं. नामांकनाची कागदपत्रं तर ५० वर्षं बंद असतात, म्हणजे २००९ मधे कुणी नाव सुचवलं ते अधिकृतपणे बघायला बरंच थांबावं लागेल. समितीचे तेव्हाचे सचिव गाइर लुंडेस्टाड यांनी मात्र २०१५ मधे आठवणी लिहिताना मान्य केलं की ओबामांना बळ मिळावं ही जी अपेक्षा होती ती पुरस्काराने पूर्ण झाली नाही. पंचवीस वर्षं त्या खुर्चीवर बसलेल्या माणसाचं हे म्हणणं आहे.

मग नुकत्याच निवडून आलेल्या नेत्याने स्वतः काय करावं, कारण समितीने दिला तर त्याचा तरी काय दोष? ओबामांनी नाकारायला हवा होता का? मला वाटतं नाकारणं त्यांना खूप जड गेलं असतं, नॉर्वे नाटोतला मित्रदेश, त्याचे सैनिक अफगाणिस्तानात अमेरिकनांबरोबर लढत होते, आणि जगभरातल्या ज्या लोकांना त्या दिवशी आनंद झाला होता त्यांच्या तोंडावर दार लावल्यासारखं झालं असतं. तरीही नाकारला असता तर प्रागच्या भाषणापेक्षा ती गोष्ट जास्त लक्षात राहिली असती असं मला मनापासून वाटतं. तसा एक दाखला आहे. १९७३ चा पुरस्कार हेन्री किसिंजर आणि उत्तर व्हिएतनामचे ले डक थो यांना व्हिएतनाम युद्ध थांबवण्यासाठीच्या पॅरिस करारासाठी विभागून दिला होता, त्यावरून समितीच्या दोन सदस्यांनी राजीनामे दिले. किसिंजरनी स्वीकारला. ले डक थो यांनी कळवलं की करार मोडला जातोय, व्हिएतनाममधे खरी शांतता अजून आलेली नाही, तेव्हा घेता येणार नाही. शांततेचं नोबेल स्वतःहून नाकारणारा आजवरचा तो एकच माणूस.